पाईपावरचा जुना मनी प्लांट नवीन घरी कसा न्यायचा? कटिंग कुजतायत

परळची_सून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय. दिवाळीच्या आत खोली खाली करायचीय, कांजूरला भाड्याचं घर बघून ठेवलंय. सामानाचं काय ते होईल, माझा प्रश्न मनी प्लांटचा आहे. हसू नका. सासऱ्यांनी १९९४ साली ऑफिसातल्या कोणाकडून तरी वीतभर तुकडा आणून डालड्याच्या डब्यात खोचला होता. तो डबा कधीच गंजून गेला, वेल गॅलरीच्या कठड्यावरून बाहेरच्या बीडाच्या पाईपावर चढली आणि आता थेट पत्र्यापर्यंत पोचलीय. मूळ नक्की कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, बहुतेक भिंतीच्या भेगेत. खालची पानं थाळीएवढी, वरची तर पत्रावळीएवढी, कडेने चिरलेली. नवीन माणूस आला की विचारतो हे कसलं झाड, आणि मनी प्लांट सांगितलं तर त्याला पटत नाही.

आता ही एवढी वेल तर नेता येणार नाही म्हणून जूनपासून कटिंगच्या मागे लागलेय. आधी चार छान पानं देठासकट तोडून ग्लासात ठेवली, दीड महिना झाला, दोन पिवळी पडून गेली, दोघांना मुळं आलीत पण पुढे ढिम्म, ना कोंब ना काही. मग चार फुटांचा अख्खा तुकडा काढून नर्सरीच्या लाल मातीत लावला आणि पाऊस आहे तर जगेल म्हणून गॅलरीत ठेवला, तर दहा दिवसांत बुडाशी काळा पडला आणि वास यायला लागला. तिसरा एक छोटा तुकडा मिस्टरांच्या ओल्ड मंकच्या बाटलीत ओट्याजवळ आहे, तो एकटाच जिवंत, दोन नवीन पानंही आलीत पण ती विड्याच्या पानाएवढी! हा तोच मनी प्लांट आहे का असा मला प्रश्न पडलाय.

तर नेमकं कुठे कापायचं, पाण्यात का मातीत, आणि पानं परत मोठी होतील का? नर्सरीवाला मुळं फुटायची पावडर घ्या म्हणतोय, घेऊ का?

गच्चीवाला_गोरेगाव
ताई, पावडर नको, पैसे वाचवा. मनी प्लांटला पावडर म्हणजे माशाला पोहायचा क्लास.

पानं तोडून ठेवलीत तिथेच गडबड झाली. नुसत्या पानाला देठासकट मुळं फुटू शकतात, तुमच्या दोघांना फुटलीच, पण त्याला डोळा नाही त्यामुळे ते वर्षभर तसंच ग्लासात बसेल, वेल होणार नाही. डोळा नसलेली उसाची कांडी लावून ऊस येतो का, तसंच. आता वेल हातात धरा आणि बोट फिरवत जा. जिथून पानाचा देठ निघतो तिथे बोटाला बांगडीसारखी आडवी कड लागेल, ती गाठ, नोड म्हणतात ती हीच. तिच्याजवळ खालच्या अंगाला तपकिरी खुंट दिसेल, तांदळाच्या दाण्याएवढा किंवा लांब झालेला, ते मूळ. आणि देठाच्या बेचक्यात डोळा असतो, नवीन फांदी तिथून येते. म्हणजे मूळ आणि कोंब दोन्हीचा कारखाना त्या गाठीत. गाठीच्या खाली बोटभर सोडून कापायचं, दोन गाठी आणि एखाददुसरं पान एवढाच तुकडा पुरतो. खालची गाठ पाण्यात, पान पाण्याच्या वर. पान पाण्यात बुडालं की ते सडतं आणि सगळंच पाणी घाण करतं.

पत्रावळीएवढं पान असेल तर ते अर्धं कापून टाका. जिवावर येईल, मला माहितेय, पण मुळं नसलेल्या तुकड्याला एवढ्या पानाला पाणी पुरवणं झेपत नाही. तुमच्या चार फुटी तुकड्याचं तेच झालं. वर दहा पानं, खाली एक मूळ नाही, आणि ती लाल माती, जी पावसात चिखल होते आणि पाऊस उघडला की वीट. मुंबईत एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हो, त्यात बिनमुळाची काडी उघड्यावर ठेवली तर ती सडणारच.

आपल्या हवेत दहा ते पंधरा दिवसांत पाण्यात पांढरी मुळं दिसायला लागतात. दोन-तीन इंच झाली की मातीत घ्या. फार महिने पाण्यात ठेवून मग मातीत घातलं तर ती पाण्याला सोकावलेली मुळं मातीत जरा रुसतात, पानं मान टाकतात, पण घाबरायचं नाही, आठवडा-दोन आठवड्यांत सावरतात. माती मी अशी करतो: एक वाटा लाल माती, एक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), एक गांडूळखत, वर मूठभर विटेचे तुकडे. कुंडी लहान घ्या, चहाच्या मोठ्या मगाएवढी, खाली भोक हवंच. मोठ्या कुंडीत लहान मूळ म्हणजे ओली माती वाळतच नाही.

बंड्या_दादरकर
आमच्याकडे म्हणतात मनी प्लांट विकत आणलेला किंवा मागून घेतलेला फळत नाही, चोरूनच आणावा लागतो. ताई तुम्ही स्वतःचाच नेताय, मग कसा जगणार? रात्री बाराला उठून स्वतःच्या गॅलरीतून चोरा. हलके घ्या.

निवृत्त_मास्तर
बंड्या, चोरून आणलेला जगतो कारण चोर घाईत वेलच ओढून तोडतो, पानं खुडत बसत नाही. गाठ आपोआप येते त्यात.

पानाच्या आकाराबद्दल लिहितो, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं त्यामुळे राहवत नाही. तो तोच मनी प्लांट आहे, निश्चिंत रहा. ही वेल मूळची मूरेआ बेटाची, ताहितीच्या शेजारी प्रशांत महासागरात. त्या बेटांच्या समूहाला सोसायटी बेटं म्हणतात, तुमच्या सोसायटीशी संबंध नाही. तिथे ती झाडाच्या खोडावर चढते. जमिनीवर किंवा टांगत्या कुंडीत असते तेव्हा तिचं बालपण चालू असतं, पानं छोटी, हृदयाच्या आकाराची. खोडाला मुळं चिकटवून वर चढायला मिळालं की ती वयात येते, कांडं जाड होतं, पानं मोठी होत जातात आणि कडेने चिरतात. तुमच्या बीडाच्या पाईपाने खोडाचं काम केलं, शिवाय वेलीला मिळाली आपली दमट हवा आणि तीसेक वर्षं. बाटलीत आधार नाही, पाण्यात खायला फारसं काही नाही, म्हणून तिने परत लहानपणापासून सुरुवात केली. परत चढवलीत की वाढेल.

आणखी एक सांगतो. या वेलीला आपल्याकडे कोणी फूल आलेलं बघितलंय का? येत नाही. १८८० मध्ये तिचं पहिलं नाव ठेवलं ते पोथॉस ऑरियस, फूल बघायला न मिळाल्यामुळे नंतर कितीतरी वर्षं तिची रवानगी एकाच कुळातल्या या वंशातून त्या वंशात होत राहिली, एपिप्रेम्नम ऑरियम हे नाव १९६४ चं. फूल का येत नाही ते २०१६ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं, तिच्यात जिबरेलिन नावाचं संप्रेरक नीट तयारच होत नाही, ते बाहेरून फवारलं तेव्हा फुलली. फूल नाही म्हणजे बी नाही, बी नाही म्हणजे मुंबईत जितके मनी प्लांट आहेत ते सगळे कोणाच्या तरी तुकड्याचे तुकडे. तुमच्या सासऱ्यांनी आणलेला पण आणि तुम्ही न्याल तो पण. तेव्हा पाईपावरचीच वेल न्यायला हवी असा हट्ट नको, तुकडा नेलात तरी तीच वेल नेलीत.

परळची_सून
सर, हे शेवटचं वाचून बरं वाटलं. गच्चीवाले, मी आत्ता गॅलरीत जाऊन बोट फिरवून आले, बांगडी सापडली! इतकी वर्षं त्या पाईपाकडे बघतेय आणि हे कधी दिसलं नव्हतं.

एक अडचण आहे, वेल पाईपाला इतकी घट्ट चिकटलीय की ओढली की मुळं पाईपावरच राहतात आणि साल निघते.

कुडाळकर_मुलुंड
ओढू नका. जेवढी वेल हवी तेवढ्यावर आधी पाणी मारा, मुळं जरा मऊ पडतात, मग उलथन्याने सोडवा, तव्यावरून घावन सोडवतो तसं, उलथनं पाईपाला टेकवून. थोडी मुळं तुटतील, तुटू दे.

पण मी म्हणेन दिवाळीपर्यंत वेळ आहे ना तुमच्याकडे, मग मोठ्या पानांची वेल न कापता आधी तिथेच गुटी बांधा. गावाला आंब्या-लिंबाला गुटी कलम करतो ना तेच, फक्त इथे साल सोलायची गरज नाही कारण मुळं आयतीच आहेत. गाठीभोवती ओलं कोकोपीट मूठभर लावायचं, वर दुधाची पिशवी गुंडाळायची, दोन्हीकडून सुतळीने बांधायचं. वरची बाजू जरा सैल ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी तिथून चमचाभर पाणी सोडायचं. तीन आठवड्यांत पिशवीतून मुळं दिसायला लागली की खाली कापायचं आणि तसाच गड्डा कुंडीत. झाडाला कळतही नाही कापलं म्हणून, कारण तोपर्यंत ते जुन्या वेलीचंच खातंय. पान अर्धं कापायला लागत नाही.

फक्त पिशवी काळी किंवा कागदाने झाकलेली हवी, मुळांना उजेड नको आणि आत शेवाळ पण धरत नाही.

गच्चीवाला_गोरेगाव
कुडाळकर +१. हे मला सुचलं नव्हतं. मोठ्या पानांसाठी गुटी, बाकीसाठी पाणी, दोन्ही करा.

नाहूरची_नर्स
सगळे झाडाचं बोलताय, मी जरा डासांचं बोलते. ती ओट्याजवळची बाटली. ताई, पाणी कितव्या दिवशी बदलता? खरं सांगा.

गेल्या पावसाळ्यात पालिकेची माणसं आमच्या मजल्यावर तपासायला आली होती. मी सगळ्यांना डेंग्यूवर लेक्चर देणारी बाई, ऐटीत दार उघडलं, आणि त्यांनी सरळ माझ्या टीव्हीजवळची मनी प्लांटची बाटली उचलून टॉर्च मारला. आत वळवळ. उलटे लटकलेले केसाएवढे किडे, बाटली हलवली की खाली पळतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, अशा घरातल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सगळं ओतून टाकायचं, मी तर दर तीन-चार दिवसांनी बदलते. आणि नुसतं ओतून नवीन भरलं असं नाही. अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, ती सुकीसुद्धा महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. बाटली आतून ब्रशने घासायची. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नाही, म्हणून मी आता रुंद तोंडाची कॉफीची बरणीच वापरते. तोंडाशी वेलीभोवती कापूस खोचला तर डास आत जात नाही, पण तरी घासायचं. कुंड्यांच्या खालच्या थाळ्या पण बघा, तिथे तर कोणाचं लक्षच नसतं.

पाणी बदललं की झाडालाही बरंच असतं, साचलेल्या पाण्यात हवा राहत नाही आणि मुळं तपकिरी बुळबुळीत होतात. नळाचं पाणी रात्रभर भांड्यात ठेवून घातलं तर क्लोरिनचा वास जातो, बाकी काही सोपस्कार नकोत.

बंड्या_दादरकर
म्हणजे ओल्ड मंकच्या बाटलीला आठवड्यातून एक कोरडा दिवस. बाटलीच्या आत्म्याला काय वाटेल.

परळची_सून
नाहूरताई, खरं सांगायचं तर पाणी कमी झालं की वरून भरत होते, बदललं नव्हतंच. आत्ता टॉर्च मारून बघितलं, काही नाही देवाच्या कृपेने. मिस्टरांना बाटलीच फेकायला सांगितली, ते म्हणाले दुसरी रिकामी करतो.

पालकमंत्री_पिकलबॉल
मनी प्लांट बेडरूममध्ये ठेवा, हवा शुद्ध करतो, नासाने सिद्ध केलंय. मी पाच कुंड्या ठेवल्यात, एअर प्युरिफायर विकून टाकला. खत म्हणून चहाचा चोथा घाला रोज.

निवृत्त_मास्तर
नासाचा तो अभ्यास १९८९ चा, बंद पेटीत झाड ठेवून केलेला. आपल्या खोलीत खिडकी असते, फटी असतात, हवा सतत बदलते. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचं एकत्र गणित मांडलं गेलं, त्यात निघालं की खिडकी उघडल्याचा परिणाम साधायला दर चौरस मीटरमागे दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. झाड ठेवावं, छान दिसतं म्हणून ठेवावं. प्युरिफायर विकायला नको होता.

गच्चीवाला_गोरेगाव
आणि चोथा रोज नको हो! आपल्या चोथ्यात साखर आणि दूध असतं. माझ्या बायकोने उत्साहाने घातला, चार दिवसांत कुंडीत बुरशी, मग चिलटं, मग मुंग्यांची रांग थेट फ्रीजपर्यंत. घालायचाच तर धुऊन, सुकवून, महिन्यातून चिमूटभर. नाहीतर कंपोस्टच्या डब्यात टाका.

कांजूरला घराची दिशा कुठली आहे? पश्चिमेची खिडकी असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात ग्रिलमध्ये ठेवू नका, पानं करपून कागदासारखी होतात. खिडकीपासून हातभर आत, उजेड भरपूर आणि ऊन नाही अशी जागा. अगदी अंधारात ठेवलंत तरी मरणार नाही, पण पानावरचे पिवळे फटकारे जाऊन नुसती हिरवी पानं यायला लागतील. पाणी मातीत बोटाचं एक पेर खुपसून बघून, वर कोरडं लागलं तरच.

मनीमाऊ_माहीम
घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर उंचावर ठेवा प्लीज. आमच्या बोक्याने पान चावलं आणि तासभर तोंडातून लाळ, पंजाने तोंड घासत फिरत होता, डॉक्टरकडे पळालो. अळूसारखीच खाज असते त्यात.

निवृत्त_मास्तर
अळूसारखी नाही, अळूचीच. अळू, सुरण आणि मनी प्लांट एकाच कुळातले, तिघांतही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. अळवाला चिंच लावून शिजवता येतं, याला काही करून खाता येत नाही एवढाच फरक. कापताना काहींच्या हातालाही खाजतं, हात धुवा.

आणि उरलेली वेल आरेत किंवा कुठल्या टेकडीवर नेऊन टाकू नका कोणी. श्रीलंकेत ही जंगलात माजून बसलीय, खालचं काही उगवू देत नाही.

परळची_सून
मंडळी, गणपती आटपले, वृत्तांत द्यायला आलेय.

चौदा तुकडे पाण्यात ठेवले होते, दोन गाठींचे, कॉफीच्या आणि लोणच्याच्या बरण्यांत. अकरा जगले. तीन गेले त्यातले दोन माझ्या चुकीने, पान पाण्यात बुडलेलं लक्षातच आलं नाही. नवव्या दिवशी पहिलं मूळ दिसलं, सकाळी दूध तापवताना, आधी वाटलं बरणीला तांदळाचा दाणा चिकटलाय म्हणून बोटाने पुसायला गेले. आता त्यातले सहा मातीत आहेत, लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखतात. एकाने मान टाकली होती, गच्चीवाल्यांनी सांगितलं होतं म्हणून हात नाही लावला, उठला परत.

गुटी तीन बांधल्या होत्या. एक सुकली, गणपतीच्या गडबडीत पाणी सोडायचं राहिलं. दोन मात्र अशा काही झाल्यात की बघत रहावं, दुधाच्या पिशवीला आतून मुळांची जाळी. काल उलथन्याने सोडवून कापल्या, मिस्टर पाय धरून उभे होते आणि मी कठड्यावरून बाहेर वाकलेली, खालून शेजारच्या काकू ओरडतायत अगं पडशील. दोन थाळीएवढी पानं अख्खी, चिरांसकट, आता कुंडीत आहेत.

काकूंना एक बरणी दिली, त्या विरारला जातायत मुलाकडे. समोरच्या जोशींना एक. मग मजल्यावर कळलं आणि रोज कोणीतरी यायला लागलं, ज्यांनी तीस वर्षांत त्या पाईपाकडे मान वर करून बघितलं नव्हतं ते सुद्धा. काल बरण्या मोजल्या तर एक कमी भरली. बंड्या, तुमच्या हिशोबाने ती सगळ्यात छान वाढणार.

आता शेवटचा प्रश्न. कांजूरचे घरमालक भिंतीला खिळा मारू देणार नाहीत, पाईप खिडकीपासून लांब आहे. या दोन मोठ्या वेली चढवू कशावर? नर्सरीत तयार मॉस स्टिक, म्हणजे वेल चढवायची शेवाळ गुंडाळलेली काठी, बघितली, दोन फुटाची आणि भाव ऐकून परत ठेवली.

कुडाळकर_मुलुंड
प्लंबरकडे उरलेला पीव्हीसी पाईप मिळेल, दोन इंची, चार फूट लांब. त्याला थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडा, वरून काथ्या गच्च गुंडाळा, वेटोळ्यांत फट नको. आता वेल लावलीत त्याच कुंडीत घालायचा असेल तर लगेच घाला, मुळं पसरल्यावर खुपसलात तर तुटतील. तळाला दोन विटांचे तुकडे अडकवा म्हणजे कलंडणार नाही. गाठी काथ्याला टेकतील अशी वेल सुतळीने सैल बांधायची, देठ बांधायचे नाहीत. पाणी वरून पाईपात ओतायचं, भोकांतून झिरपून काथ्या ओला राहतो, मुळं आपणहून शिरतात.

काथ्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नारळ सोलता तेव्हाची सोडणं असतील तर तीही चालतील, पण ती बांधत बसायला वेळ लागतो.

परळची_सून
गणपतीच्या नारळांची सोडणं गोणीभर पडलीयत. पाईप मात्र आमच्याच चाळीतून निघेल बहुतेक, तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीचा नवीन बसवलेला आहे, बिल्डर काय करणार त्याचं. चार फूट पुरेल ना नक्की?

कुडाळकर_मुलुंड
सध्या पुरेल. पुढच्या पावसाळ्यात वर दुसरा जोडायला कपलिंग पण काढून ठेवा.